थायरॉईडची गोळी आणि गव्हाची चपाती : दोन आजारांचा एक इतिहास



“रोज पहाटे उठून घेतो की ओ डॉक्टर. एक दिवस चुकवत नाही.”

शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंचं हे उत्तर मी वर्षभरात चार वेळा ऐकलं. खरं सांगायचं तर चारही वेळा माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता. वय ३४, वजन ४५ किलो, थायरॉईड कमी काम करतो म्हणून गोळी सुरू. ५० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली. मग ७५, १००, १२५, १५०. टीएसएच दर वेळी वरच. ४५ किलोच्या बाईला साधारण ७०-७५ मायक्रोग्रॅम पुरायला हवेत, आणि मी त्याच्या दुप्पट देत होतो. गोळी चहाबरोबर घेता का, कॅल्शियमबरोबर घेता का, बाटली उन्हात ठेवता का, सगळं विचारून झालं. शेवटी सोबत आलेल्या सासूबाईच वैतागल्या. “मी सोता बघतोय की, घेती ती.”

त्याच फाइलमध्ये आणखी एक कागद होता. हिमोग्लोबिन ८, लोहाच्या गोळ्या दोन वर्षं चालू, फरक नाही. पोट फुगतं, अधूनमधून जुलाब होतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. पण थायरॉईडचा कागद एका बाजूला आणि पोटाचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकत्र वाचायला मला एक वर्ष लागलं. त्यानंतर सिलिॲकची रक्ततपासणी केली, ती खूप वाढलेली निघाली. दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान पक्कं झालं. सिलिॲक डिसीज, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार.

निदान सांगितल्यावर ताईंनी विचारलं, “गळ्याच्या आजाराचा आणि चपातीचा काय संबंध ओ?”

प्रश्न अगदी बरोबर होता. वैद्यकशास्त्राला त्याचं उत्तर मिळवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगतो, कारण ती कळली की गोळीचा डोस का वाढतो, गहू कुणी सोडायचा आणि कुणी सोडायचा नाही, हे सगळं आपोआप उलगडतं.

मेंढीची ग्रंथी

१८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरकडे ४६ वर्षांची एक बाई आली. चेहरा सुजलेला, बोलणं संथ, कायम थंडी वाजणारी. थायरॉईड ग्रंथी बंद पडली की असं होतं, एवढं तोवर कळलं होतं, पण उपाय नव्हता. मरेनं मेंढीची थायरॉईड ग्रंथी काढली, तिचा अर्क केला आणि सुईनं कातडीखाली टोचला. बाई सुधारली. पुढे ती २८ वर्षं जगली, वयाच्या ७४ व्या वर्षी गेली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेनंच पुढे छापला.

लगेच पुढच्या वर्षी, १८९२ मध्ये, दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून दाखवून दिलं की सुईची गरज नाही, तोंडावाटे दिलं तरी गुण येतो. त्यातल्या एकाची कृती अशी होती : मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी तळायची, बारीक चिरायची आणि मुरंब्यासारख्या गोड जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायची. आपल्याकडे असती तर तांबड्या रश्श्यात गेली असती. गंमत सोडा, पण या बदलाकडे नीट बघा. औषध सुईतून जात होतं तोवर ते थेट शरीरात पोचत होतं. तोंडावाटे सुरू झालं आणि मध्ये एक नवा नाका आला, आतड्याचा. तेव्हा कुणाच्या हे लक्षातही आलं नाही, कारण बहुतेकांचं आतडं चांगलं होतं.

१९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉलनं या ग्रंथीतलं मूळ द्रव्य वेगळं काढलं. पुढे त्याला थायरॉक्सिन हे नाव मिळालं. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींमधून मोठ्या कष्टानं ३३ ग्रॅम मिळालं होतं. १९२७ साली लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टननं जॉर्ज बार्जर यांच्याबरोबर ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. आज तुमच्या कपाटातल्या बाटलीत जी शंभर गोळ्यांची बारकी चळत असते, ती याच वाटेनं आली. तिच्यातलं थायरॉक्सिन प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेलं नसतं. शाकाहारी मंडळी हे हमखास विचारतात, म्हणून सांगून टाकलं.

मधल्या काळात, १९१२ मध्ये, जपानमध्ये हाकारू हाशिमोतो नावाच्या तरुण सर्जननं चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली होती, जणू कुणी आत घुसून तळ ठोकलाय. त्यानं ते एका जर्मन नियतकालिकात छापलं. नंतर घरच्या अडचणीमुळे तो आपल्या गावी परतला, गावचा डॉक्टर म्हणून राहिला आणि १९३४ साली टायफॉईडनं गेला. त्याच्या हयातीत या शोधाची फारशी दखल कुणी घेतली नाही. आज आपल्याकडच्या थायरॉईड कमी असलेल्या बहुसंख्य रुग्णांना जो आजार असतो, त्याला त्याचंच नाव आहे, हाशिमोतो. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. तालुक्याच्या गावी पेशंट तपासत बसलेल्या माणसानं जगाला एक आजार दिला आणि त्याला स्वतःला ते कळलंही नाही.

तर त्या पांढऱ्या पेशी तिथे कशाला आल्या होत्या? हे कोडं सुटायला आणखी ४४ वर्षं लागली. तोवर पोटाच्या बाजूला काय चाललं होतं ते बघू.

मुलं सुकतात, पोटं फुगतात

५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनच्या मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल गी या डॉक्टरनं एक व्याख्यान दिलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं. विषय होता, वर्ष-दोन वर्षांची मुलं जुलाबानं सुकत जातात, पोट मात्र फुगलेलं, तो आजार. ग्रीक भाषेत पोटाला जो शब्द आहे त्यावरून सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी अशा रोग्यांना नाव दिलं होतं, तेच गीनं घेतलं. त्याचं म्हणणं होतं की हा रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानंच होईल. इथवर अचूक. पण कोणता आहार? गीनं भात आणि साबुदाणा बंद केला, आणि पाव मात्र दोन्ही बाजूंनी चांगला भाजून चालेल म्हणाला! म्हणजे निर्दोष धान्य दाराबाहेर आणि खरा चोर ताटात. एका मुलाला त्यानं रोज हॉलंडहून आलेल्या शिंपल्या खायला घातल्या. मूल छान वाढलं. पण शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा सुकलं, पुढच्या हंगामात तर शिंपल्या खायलाच तयार होईना.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. या आहारात पाव, बिस्किटं, धान्यं बंद, त्यामुळे मुलं सुधारायची, आणि श्रेय केळ्याला मिळायचं. मग ‘बरं झालं’ म्हणून मूल पुन्हा पावावर जायचं. सगळ्या आजारांच्या इतिहासात असं दिसतं. औषध काय दिलं याकडे सगळ्यांचं लक्ष, काय बंद केलं याकडे कुणाचंच नाही.

ते लक्ष दिलं हॉलंडमधल्या हेग शहरातल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञानं. १९३० च्या दशकातच त्याला गव्हाचा संशय होता. एका आईनं त्याला सांगितलं होतं की पाव बंद केला की माझ्या मुलाचं पुरळ जातं. आयांचं ऐकणारा डॉक्टर होता. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी कोंडी केल्यामुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सगळा देश खंगत होता, पण डिकेच्या वॉर्डातली सिलिॲकची मुलं मात्र सुधारत होती. पुढे विमानांतून मदतीचा पाव आला. भुकेल्या शहरात ती दिवाळी होती. त्या मुलांचे मात्र जुलाब परत सुरू झाले.

डिकेनं यावर नीट मोजून काम केलं. वान डे कामर या सहकाऱ्याच्या मदतीनं मुलांच्या मलातली चरबी मोजली. गहू दिला की वाढायची, तांदूळ-मका दिला की कमी व्हायची. १९५० साली त्यानं उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध दिला. दोनेक वर्षांत बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही दाखवलं की दोष गव्हातल्या पिष्टात नाही, ग्लुटेनमध्ये आहे. कणीक मळल्यावर ताणली जाते, चपाती पातळ लाटता येते आणि पाव फुगतो तो ज्या चिकट प्रथिनामुळे, तेच ग्लुटेन. ज्वारीत ते नाही. म्हणून तर भाकरी थापावी लागते, आणि ती येणं ही कला आहे!

१९५६ सालचं लंडन

आता दोन्ही गोष्टी एका शहरात आणि एकाच वर्षात येतात.

हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात विशिष्ट प्रथिनं वाढलेली असतात आणि ग्रंथी काढली की ती कमी होतात, हे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या डेबोरा डोनियाक या डॉक्टर बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी आणि आयव्हन रॉयट यांनी अशा रुग्णांचं रक्तद्रव थायरॉईडच्या अर्काजवळ ठेवलं, आणि दोघांच्या मध्ये पांढरी रेघ उमटली. म्हणजे शरीरानं स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या होत्या. त्याच सुमारास अमेरिकेत नोएल रोझ यांनी सशांमध्ये हेच दाखवलं. शरीर स्वतःवर हल्ला करतच नाही, असं तोवर शास्त्र मानत होतं. आपलेच पहारेकरी आपल्याच घराला परकं समजून तोडफोड करतात, ही कल्पना इथून रूढ झाली. याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. हाशिमोतोनं पाहिलेल्या पांढऱ्या पेशी म्हणजे तेच पहारेकरी.

त्याच १९५६ साली, त्याच लंडनमध्ये, मार्गो शायनर या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी लांब नळी घशातून आतड्यापर्यंत नेऊन, ऑपरेशन न करता लहान आतड्याचा तुकडा काढायची पद्धत बसवली. चांगल्या आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्न, लोह, औषधं सगळं तिथूनच रक्तात शिरतं. सिलिॲकमध्ये ही लव झडून आतडं सपाट झालेलं दिसलं. मखमल घासून घासून सुती झाली तर जे होईल ते.

तरीही या दोघींच्या कामातला धागा कुणी जोडला नाही. थायरॉईडवाले एका विभागात, पोटवाले दुसऱ्या. सिलिॲक हादेखील ऑटोइम्यून आजार आहे याचा ठोस पुरावा १९९७ मध्ये बर्लिनमधून आला. या आजारातल्या अँटिबॉडी शरीराच्याच एका एन्झाइमविरुद्ध असतात, असं तिथे सापडलं. त्याचं नाव टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. आज लॅबच्या कागदावर ‘टीटीजी’ लिहिलेलं असतं ते हेच. दोन्ही आजारांना वाट करून देणारी जनुकंही बरीचशी सामाईक आहेत, हेही तोवर दिसू लागलं होतं. इटलीत २००१ साली छापलेल्या एका पाहणीत, उपचार सुरू न झालेल्या २४१ सिलिॲक रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना थायरॉईडची काही ना काही तक्रार होती. तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत ती सुमारे ११ टक्के होती.

उलट बाजूनं मात्र आकडा लहान आहे. हाशिमोतो असलेल्या शंभर जणांत सिलिॲक एक-दोघांना, काही पाहण्यांत थोडं जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०१२ साली रोमच्या डॉक्टरांनी आमच्या शिरोळच्या ताईंचीच गोष्ट आकड्यांत मांडली. हाशिमोतोबरोबर छुपा सिलिॲक असलेल्या रुग्णांना थायरॉक्सिन जवळजवळ दीडपट लागत होतं. ग्लुटेन बंद करून आतडं भरून आलं, की डोस खाली यायचा. मरेच्या सुईच्या जागी गोळी आली तेव्हा जो नाका मध्ये आला होता, तो १२० वर्षांनी कागदावर आला.

आपल्या ताटात गहू

आता कोल्हापूरला येऊ. “हा पंजाब्यांचा आजार, आपल्याकडे कुठला,” असं डॉक्टरसुद्धा म्हणतात. ते अगदीच चूक नाही. भारतात या आजाराचे पहिले ठळक अहवाल १९६६ च्या सुमारास दिल्ली आणि चंदीगडहून आले, लहान मुलांचे. आपल्याकडे मात्र जुन्या ताटात गहू होता कुठे? जिल्ह्याच्या पूर्वेला ज्वारीची भाकरी. पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडे भात आणि नाचणी. गहू सणाचा, पुरणपोळीचा, किंवा पाहुणा आला तर. पाव तर गोव्याच्या वाटेनं आलेला पोर्तुगीज पाहुणा.

गंमत म्हणजे इथेही १९५६ सालच आडवं येतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा करार झाला आणि गव्हाची जहाजं भारतात येऊ लागली. रेशनच्या दुकानात गहू मिळू लागला. साठच्या दशकाच्या मध्यात मेक्सिकन जातींचं बियाणं आलं, हरितक्रांती झाली. १९७२ च्या दुष्काळातला लाल मिलो आजी-आजोबांना अजून आठवतो. ती ज्वारीच होती, परदेशी, आणि तिला लोकांनी नाकं मुरडली. गव्हाची प्रतिष्ठा मात्र वाढत गेली. भाकरी गरिबाची, चपाती नोकरदाराची. डबा चपातीचा, मिसळीबरोबर ब्रेड, चहाबरोबर खारी. दोन पिढ्यांत सणाचं धान्य रोजचं झालं.

यातून ‘गव्हामुळे आजार वाढला’ असा झटपट निष्कर्ष काढू नका. २०१६ साली भारतातल्या तीन भागांतल्या २३ हजारांहून जास्त प्रौढांची मोठी पाहणी छापली गेली. सिलिॲकच्या अँटिबॉडी उत्तरेत १.२३ टक्के लोकांत मिळाल्या, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. आजाराला वाट देणारी जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच, ३१ ते ३८ टक्के लोकांत. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. उत्तर आणि दक्षिण बघितली तर गव्हाचा हिशेब जुळतो. पण ईशान्येत एवढा कमी गहू असूनही आकडा वर आहे, म्हणजे गहू हे एकच कारण नाही. या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. भूगोलानं आपण मध्ये, आणि ताटानंही. माझ्यापुरता मी एवढाच अर्थ घेतो की जनुकं आपल्याकडेही आहेत, गहू आता रोजचा आहे, तेव्हा ‘आपल्याकडे नसतो’ म्हणून तपासणी टाळू नये.

आपल्याकडे हा आजार लपतो तो दुसऱ्याच एका गोष्टीमागे. रक्त कमी असणं. महाराष्ट्रात बाईचं रक्त कमी असणं इतकं सरावाचं झालंय की त्याचं कारण कुणी शोधत नाही. कारण शोधणारी एक बाई १९२८ साली मुंबईत आली होती. लुसी विल्स. कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना होणाऱ्या भयंकर ॲनिमियाचा अभ्यास तिनं केला. एस. एन. तळपदे यांच्याबरोबर तिनं या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी १९३० मध्ये छापली. अखेर यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त चटणीवजा पदार्थानं या बायका सुधारतात, असं तिला दिसलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाई ती गोळी घेते, पण त्यामागे परळ-लालबागच्या गिरणकामगार बायका आहेत हे कुणाला आठवत नाही.

त्या बायकांच्या ताटातच ते जीवनसत्त्व कमी होतं. आमच्या ताईंच्या ताटात होतं, वर गोळ्याही होत्या, पण शोषून घेणारी लव नव्हती. लोह आणि फॉलिक ॲसिड लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिॲक पहिली तोडफोड तिथेच करतो. त्यामुळे लोह घेऊनही रक्त चढत नाही आणि थायरॉईडची गोळी घेऊनही टीएसएच उतरत नाही, हे दोन कागद एकाच फाइलमध्ये दिसले तर डॉक्टरला आठवण करून द्या. मला कुणीतरी करून द्यायला हवी होती.

मग करायचं काय

सर्वात आधी, तपासणीपूर्वी गहू सोडू नका. गहू बंद केला की काही महिन्यांत अँटिबॉडी उतरतात, आतडंही भरू लागतं आणि निदान हातचं जातं. आधी टीटीजीची रक्ततपासणी, गरज असेल तर बायोप्सी, मग आहार.

दुसरं, थायरॉईडच्या प्रत्येक रुग्णानं गहू सोडायचं काहीही कारण नाही. मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतो, ‘गहू सोडा, थायरॉईडची गोळी बंद करा’. वर सांगितलेला आकडा आठवा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना सिलिॲक नाही. त्यांनी गहू सोडून हाशिमोतो बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि गोळी बंद केली तर नुकसान नक्की आहे. ज्यांना सिलिॲक आहे त्यांचीही गोळी बहुधा सुटत नाही. ग्रंथीचं जे नुकसान झालंय ते झालंय. फक्त डोस कमी लागतो.

आणि तो कमी करावा लागतो, हे फार महत्त्वाचं. आतडं भरून आलं की तीच १५० ची गोळी पूर्ण शोषली जाते, आणि मग ती जास्त होते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन घटणं सुरू होतं. म्हणून ग्लुटेन सोडल्यावर दर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचा, तो स्थिर होईपर्यंत. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर, हा नियम सगळ्यांनाच.

आहाराच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. ज्वारी, नाचणी, बाजरी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, सगळं चालतं. पांढरा-तांबडा रस्सा घरचा असेल तर चालतो. धोके वेगळ्याच जागी आहेत. पहिला गिरणीत. तुमच्या आधी कुणी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या ज्वारीत येतं. घरघंटी घ्या, आणि ती फक्त ग्लुटेन नसलेल्या धान्यासाठी ठेवा. दुसरा हिंगात. बाजारातल्या हिंगाच्या पुडीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवरचा मजकूर वाचा. सातूचं पीठ, मुलांच्या दुधातली माल्टची पावडर, कुरडया, शेवया, प्रसादाचा शिरा हे सगळं बाद. सैंधव मिठाबद्दलही सांगतो. त्याचा ग्लुटेनशी संबंध नाही, पण त्यात आयोडीन सहसा घातलेलं नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून (होय, पुन्हा तेच साल) डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनच्या मिठानं गलगंड कसा हटतो हे वर्षानुवर्षं मोजून दाखवलं, तेव्हा कुठे हे मीठ देशभर आलं. ते फॅशनपायी सोडू नये.

आणि खपली. यावर मला सगळ्यात जास्त वाद घालावा लागतो. खपली गहू आपल्या भागाचा अभिमान आहे, जुनं बियाणं आहे, खीर तर तिचीच. पण ‘जुना गहू, त्यात ग्लुटेन नसतं’ हे खोटं आहे. खपलीत ग्लुटेन आहे. सिलिॲकच्या रुग्णाला ती वर्ज्यच. ताईंनी पहिले चार महिने चपाती सोडून खपलीची खीर आणि खपलीच्याच पोळ्या खाल्ल्या होत्या, कारण दुकानदारानं “ही चालती” म्हणून सांगितलं होतं. टीटीजी जिथल्या तिथे बघून मी पुन्हा त्यांच्यावर संशय घेणार होतो, पण या वेळी सासूबाईंना विचारलं, “मावशी, घरात नेमकं काय काय शिजतं ते सांगा,” आणि उलगडा झाला.

खपली बंद झाल्याला आता सव्वा वर्ष झालं. हिमोग्लोबिन ११.४, वजन ५१ किलो. गोळी १५० वरून टप्प्याटप्प्यानं ८८ वर आली आहे, टीएसएच ठीक. मावशी आता स्वतः दोघींपुरती ज्वारी घरीच दळतात. सिलिॲक असलेल्याच्या आई-वडील, भावंडं, मुलांचीही तपासणी करावी लागते, म्हणून ताईंच्या दोन्ही मुलींचं रक्त गेल्या महिन्यात पाठवलं. मोठीचं साफ आहे. धाकटी नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी. तिची टीटीजी वाढलेली आली आहे. पुढच्या मंगळवारी तिची दुर्बिणीची तपासणी आहे, आणि तोवर तिला रोज दोन चपात्या खायला सांगितल्या आहेत.